पीसीओएसच्या ‘ट्रायल’साठी पैसे मागितले तर उठून बाहेर पडा

इन्स्टाग्रामवर एक जाहिरात फिरतेय. ‘मुंबईत पीसीओएसवर संशोधन सुरू. पाळी अनियमित असलेल्या १८ ते ३५ वयाच्या मुली हव्यात. जागा मर्यादित.’ पीसीओएस म्हणजे पाळी आणि बीज पिकणं बिघडवणारा हार्मोनचा आजार. फोटोत पांढऱ्या कोटातली बाई, मागे मायक्रोस्कोप. फॉर्म भरला की लगेच फोन येतो. मला आला, मी गेले, आणि ३८,५०० रुपयांचं कर्ज डोक्यावर घेऊन घरी आले. ऑफिसातल्या आणखी दोघींनी तोच फॉर्म भरल्याचं नंतर कळलं, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय. जागेचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय अशी दुकानं पाटी बदलून पुन्हा उघडतात. पद्धत ओळखता आली तर ती जास्त उपयोगी.

माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. भांडुपच्या सेंटरमध्ये सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टवर नेहमीचं वाक्य आलं: दोन्ही ओव्हरी (अंडाशय) मोठ्या, कडेने अनेक फॉलिकल्स (बीजांच्या पिशव्या). फॅमिली डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. ते राहिलं होतं, तेवढ्यात ही जाहिरात दिसली.

जाहिरातीवर विश्वास बसायला कारण होतं. मुंबईत पीसीओएसवर खरोखरच काम चालतं. परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींचा एक सर्वेक्षण-अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात रॉटरडॅमच्या निकषांनी (पीसीओएस ओळखण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला आणि दुसऱ्या, कडक निकषांनी १०.७ टक्के. म्हणजे ‘संशोधनासाठी मुली हव्यात’ हे वाक्य थापेबाजीचं वाटत नाही, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. फोनवरची मुलगी दोनदा म्हणाली, “आमचं परळशी टायअप आहे मॅम.” परळमध्ये कुणाशी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर परळचा प तरी असेल तर शपथ.

दादरला एका इमारतीत वरच्या मजल्यावर ऑफिस. एसी, काचेची केबिन, टेबलावर गर्भाशयाचं प्लॅस्टिकचं मॉडेल. बरोबर आई होती. आधी वजन आणि चरबी मोजणाऱ्या मशीनवर उभं केलं, मग ‘सीनियर रिसर्च कौन्सिलर’ आल्या. कोट पांढरा, पण खिशावर नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. माझा सोनोग्राफीचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाल्या, “बघा, केवढ्या गाठी. मॅमचं लग्न झालंय का? नाही? मग आत्ताच विरघळवायला हव्यात. दोन वर्षं अशीच गेली तर आयव्हीएफशिवाय पर्याय नाही.” आईचा चेहरा खाडकन उतरला. तिथून पुढे त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, सगळं आईशी. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आईला काय ऐकवायचं हे त्यांना पाठ होतं.

मग आलं ‘संमतीपत्र’. चार पानं, इंग्रजीत, बारीक टाइप. वर ‘क्लिनिकल रिसर्च प्रोटोकॉल’ असं ठळक, खाली एक नोंदणी क्रमांक. कौन्सिलर बाई पानं उलटून सहीची जागा दाखवत होत्या. मी नवव्या मुद्द्यावर बोट ठेवून थांबवलं: भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. संशोधनात पैसे कसले, असं विचारलं तर उत्तर तयार होतं. “ट्रीटमेंट फ्री आहे मॅम. ही फक्त जेनेटिक किटची आणि सप्लिमेंटची कॉस्ट. बाहेर लाखभर लागतात. ट्रायलमध्ये आहात म्हणून सबसिडाइज्ड.” आई म्हणाली, पैशाचं बघू गं, आधी तुझं नीट होऊ दे. सही झाली.

रोख नाही म्हटल्यावर त्यांनी माझाच फोन मागितला. “ट्रायलचं रजिस्ट्रेशन करते, ओटीपी येईल तो सांगा.” ओटीपी आला तो एका कर्ज देणाऱ्या ॲपचा. पॅन आणि आधारचे फोटो आधीच ‘वयाच्या पुराव्यासाठी’ घेतले होते. घरी पोचेपर्यंत मेसेज: आपले कर्ज मंजूर, रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यात जमा. मी रुग्ण नव्हते, संशोधनातली सहभागी तर नव्हतेच. मी होते ग्राहक, हप्त्यावर माल घेतलेली.

मालात काय होतं ते सांगते. एक थुंकी गोळा करायची नळी. दोन डबे पावडर. एक छापील डाएट, ज्यात भात बंद, गहू बंद, दूध बंद, केळं बंद. आमच्या मालवणी घरात भात बंद म्हणजे काय, ते आमच्या आईला विचारा. आणि एक झिपचा छोटा पाऊच, त्यात पांढऱ्या गोळ्या. पाऊचवर पेनाने फक्त ‘१-०-१’. ना औषधाचं नाव, ना कंपनी, ना बॅच, ना एक्स्पायरी. विचारलं तर “प्युअर हर्बल आहे”.

पावडरच्या डब्यावर ‘पीसीओएस रिव्हर्सल फॉर्म्युला’ असं चकचकीत स्टिकर होतं. ते एका कोपऱ्यात सुटलं होतं, म्हणून नखाने सोलून पाहिलं. खाली मूळ लेबल: हेल्थ सप्लिमेंट, औषधी वापरासाठी नाही, आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर. म्हणजे परवाना खाण्याच्या पदार्थाचा आणि दावा आजार मुळापासून काढण्याचा. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, आमच्या घरी काढे होतातच. पण आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरही घटक आणि परवाना क्रमांक छापावाच लागतो.

पाऊचमधल्या गोळ्या संपल्या आणि त्याच आठवड्यात मला पाळी आली. कितीतरी दिवसांनी. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि नेमका तेव्हाच ऑफिसातून फोन: “रिझल्ट आला ना मॅम? एक छोटासा व्हिडिओ पाठवा, बाकीच्या मुलींना इन्स्पिरेशन.” मी पाठवला नाही, कॅमेऱ्यासमोर मला बोलता येत नाही एवढंच कारण. त्यांच्या पेजवर जे हसरे व्हिडिओ दिसतात ते कोणत्या आठवड्यात काढलेले असतात, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढच्या महिन्यात काही नाही. त्याच्या पुढेही नाही. फोन केला तर, “बॉडी डिटॉक्स होतेय, आता लेव्हल टू लागेल,” आणि लेव्हल टूचे आणखी पंचवीस हजार. दरम्यान जेनेटिक रिपोर्ट आला, रंगीत, त्यात डीईएनएनडी१ए नावाच्या जनुकासमोर लाल बाण आणि ‘हाय रिस्क’. त्या संध्याकाळी लोकलमध्ये संमतीपत्रावरचा क्रमांक क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या साइटवर टाकला. ही नोंदवही सगळ्यांना फुकट बघता येते. कुर्ल्याला पान उघडलं. क्रमांक खरा होता. पण अभ्यास दक्षिणेतल्या एका कॉलेजातला, गुडघेदुखीवरचा.

त्यानंतर मी पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं. ओपीडीत गर्दी होती, तरी त्या डॉक्टरबाईंनी जेवढं सांगितलं तेवढं दादरच्या एसी केबिनमध्ये एकदाही ऐकलं नव्हतं. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतातच, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या. त्या फुटत नाहीत, त्यांना ‘विरघळवायचं’ काही नसतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग इन्सुलिन जास्त तयार होतं. ते ओव्हरीला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि बीज पूर्ण पिकायच्या आधीच अडकतं. निदानही नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि ओव्हरीचं ते विशिष्ट चित्र. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (हाही पाळी बिघडवू शकणारा एक हार्मोन) तपासून ती कारणं बाजूला काढायची. माझं थायरॉइड तोवर कुणी तपासलंच नव्हतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर मुलीचं निदान सोनोग्राफीवरून करू नये, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या आयांनी हे तरी लक्षात ठेवावं, कारण तिथेच सगळ्यात जास्त घाबरवतात.

पाऊचचं विचारलं. बाई म्हणाल्या, गोळीत काय होतं ते लॅबशिवाय मी सांगणार नाही. पण प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या काही दिवस देऊन थांबवल्या की बहुतेकींना आठवडाभरात रक्तस्राव होतो. ते औषध डॉक्टरही देतात, नाव लिहून, गरोदरपण नाही याची खात्री करून. त्या रक्तस्रावाचा अर्थ बीज बाहेर पडलं असा होत नाही आणि आजार गेला असा तर नाहीच. महिनोन्महिने पाळी न येणं अंगावर काढू नका, असंही त्या म्हणाल्या. गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी ते पडून जायला हवं. खरी भीती घालायचीच होती तर दादरवाल्यांनी ही घालायची.

लाल बाणवाल्या जनुकाबद्दल त्या हसल्या. जनुक खरं आहे. २०११ मध्ये चिनी स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात पीसीओएसशी संबंध दिसलेल्या तीन जागांपैकी एक तिथेच होती. पण अशी कितीतरी जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात, आणि थुंकीवरून पीसीओएसचं निदान किंवा डाएट ठरवणारी चाचणी कुठल्याच मार्गदर्शक तत्त्वांत नाही. डाएटचंही तेच. अमुक एकच आहार पीसीओएसला सरस, असा पुरावा नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळीला फरक पडू शकतो, पण त्यासाठी भात सोडायला नको, ताटातलं प्रमाण बघायचं. मूल हवं असेल तेव्हा बीज पिकवायला लेट्रोझोल ही गोळी आहे, बऱ्याच जणींना आयव्हीएफपर्यंत जावंच लागत नाही. मला त्यांनी ग्लुकोज पाजून दोन तासांची साखर करायला सांगितली, ती काठावर निघाली. मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी सुरू झाली. महिन्याचा खर्च लेव्हल टूच्या व्याजाइतकाही नाही.

‘कायमचं बरं’ हा शब्द बाईंनी एकदाही उच्चारला नाही. पीसीओएस मुळापासून घालवणारा उपाय आजमितीला नाही, लक्षणं आटोक्यात ठेवता येतात, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याच्या औषधाची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच बंदी आहे. तरी रोज दिसतातच.

खरी ट्रायल कशी असते तेही विचारून घेतलं. २००९ पासून देशात ट्रायलची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदीत अभ्यास कशावर, कुठे, प्रमुख संशोधक कोण, कोणत्या एथिक्स कमिटीची (सहभागींचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी, सगळं असतं. त्यातलं नाव तुमच्या समोरच्या माणसाचं आहे का ते बघा. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळतं, त्याची प्रत घरी नेता येते, कधीही बाहेर पडता येतं. आणि अभ्यासातलं औषध, अभ्यासासाठीच्या तपासण्या यांचे पैसे सहभागी होणाऱ्या बाईकडून घेत नाहीत.

पैशांचं काय झालं? दादरवाल्यांनी नववा मुद्दा दाखवला. कर्जवाले म्हणाले, सही तुमची, ओटीपी तुमचा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. कर्ज कंपनीला लेखी कळवलं की शुल्काचं आणि व्याजाचं माहितीपत्रक मला कधी दाखवलंच नाही, जे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी द्यावंच लागतं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे पत्रात लिहिल्यावर सूर बदलला. उरलेले हप्ते रद्द झाले, भरलेले अजून आलेले नाहीत. कर्ज डिजिटल असेल तर सुरुवातीला ते परत फिरवण्याची थोडी मुदतही असते. मेसेज आला त्याच रात्री कर्जाच्या कागदात ती शोधा, नंतर कुणी सांगत नाही.

बिनलेबलच्या गोळ्यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे केली आहे. तिथे पहिला प्रश्न आला, गोळी आहे का? माझ्याकडे होता रिकामा पाऊच. तुमच्यापैकी कुणाच्या हातात तसला पाऊच असेल तर उरलेल्या गोळ्या फेकू नका, खाऊही नका. संमतीपत्राची पानं, डब्यावरचं स्टिकर, ओटीपीचा मेसेज आणि पैसे गेल्याची नोंद यांचे फोटो काढून ठेवा आणि गोळ्यांसकट घेऊन जा.