सीएलएल: उपचार सुरू करण्याआधी कॅरिओटाइप की फिश?

फ्लो सायटोमेट्री या रक्ताच्या तपासणीत सीएलएल, म्हणजे क्रोनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर, पक्का झाला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्रोमोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकं असलेल्या धाग्यांच्या, दोन तपासण्यांची नावं येतात: कॅरिओटाइप आणि फिश. हा आजार युरोप-अमेरिकेत नेहमीचा, पण आपल्याकडे विरळा. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार अनुभवी माणसं विचारायला मिळत नाहीत, आणि घरात प्रश्न सुरू होतो, "ह्येच्यासाठी मुंबयक जावचा लागतला काय?"

त्याआधी एक गोष्ट डॉक्टरांना विचारा: उपचार आत्ताच सुरू करायचे आहेत का? आजार सुरुवातीचा असेल, त्रास नसेल आणि नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं असेल, तर या रिपोर्टने आजचा निर्णय बदलत नाही. खर्च थोडा थांबू शकतो. औषध सुरू करण्याच्या वेळी मात्र तपासणी हवीच, आणि आजार उलटून पुन्हा औषध द्यायची वेळ आली तर परत हवी, कारण मधल्या काळात नवे बदल होऊ शकतात.

कॅरिओटाइप म्हणजे सगळ्या वाडीची शिरगणती, सगळे क्रोमोसोम बघायचे; आणि फिश म्हणजे ठरावीक चार घरांची दारं ठोठावणं, ठरलेल्या जागाच बघायच्या. फिशमध्ये चमकणारे प्रोब लावून साधारण 200 पेशी मोजतात: 13 क्यू, 11 क्यू आणि 17 पी हे तुकडे (आकडा क्रोमोसोमचा, क्यू म्हणजे त्याची लांब बाजू, पी म्हणजे आखूड) गळालेत का, 12 वा क्रोमोसोम जादा आहे का. जर्मनीतल्या 325 रुग्णांच्या 2000 सालच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांत 13 क्यू गळालेला होता, 17 पी फक्त 7 टक्क्यांत. पण निर्णय फिरतो तो या 17 पीवर. टीपी 53 हे जनुक तिथेच असतं. ते गेलं असेल तर नेहमीची केमो फारशी चालत नाही. मग इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स अशा गोळ्यांचा विचार होतो. त्या अभ्यासातले आयुष्याचे आकडे या गोळ्या येण्याआधीचे आहेत. ते नेटवर वाचून कोणी रात्र जागून काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

फिशला एक मर्यादा आहे. टीपी 53 मधला बारीक बिघाड तिला दिसत नाही. त्यासाठी सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुक अक्षर-अक्षर वाचणारी तपासणी, वेगळं सांगावं लागतं, ते चिठ्ठीवर आहे का बघा.

कॅरिओटाइपला जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात, आणि सीएलएलच्या पेशी प्रयोगशाळेत सहजी विभागत नाहीत. सीपीजी नावाचा उत्तेजक घालून त्या तीनेक दिवस वाढवतात. तो न वापरता आलेल्या "नॉर्मल" रिपोर्टवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. 13 क्यूचा छोटा तुकडा इथे बहुतेकदा निसटतो. पण तीन किंवा जास्त बदल एकत्र असणं, म्हणजे कॉम्प्लेक्स कॅरिओटाइप, आजार चिवट असल्याची खूण असते, आणि तिचं पूर्ण चित्र फिशमध्ये दिसत नाही.

आता कोकणातली खरी अडचण. नमुना हिरव्या टोपणाच्या हेपरिन नळीत घेऊन लवकरात लवकर पोचायला हवा. मे महिन्यात तापलेल्या गाडीत नको, आणि बर्फात गोठवून तर अजिबात नको. पेशी मेल्या की कॅरिओटाइप गेलाच. फिश उशीर त्यापेक्षा बरा सोसते. शनिवारी किंवा गणपतीच्या गर्दीत महामार्गाने नमुना पाठवणं टाळा.

म्हणून माझं मत असं: पैसे मोजके असतील तर फिश आणि टीपी 53 चं सिक्वेन्सिंग आधी, आणि त्यासाठी नमुना इथून पाठवला तरी चालतो. कॅरिओटाइप तेव्हाच, जेव्हा रुग्ण तसाही परळला टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जाणार आहे आणि लॅब सीपीजी वापरते. तिथेच रक्त द्यावं.

आणि रक्तात आजाराच्या पेशी भरपूर असतील तर या तपासण्या हाताच्या शिरेतल्या रक्तावर होतात. वयस्कर माणसाच्या कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा (बोन मॅरो) काढायला सांगितलं, तर ती याच तपासण्यांसाठी आहे की दुसऱ्या कारणासाठी, हे आधी विचारून घ्या.