क्यूजीआयएसवर नऊ महिने नकाशे केल्यानंतर

आमची छोटी संस्था साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी गावांत पाण्यावर काम करते. नकाशे दोन ठिकाणी लागतात, अहवालात आणि ग्रामसभेत. पूर्वी मी कोरा नकाशा घेऊन पेंटमधल्या बादलीने तालुके रंगवायचो. हसू नका, तीन वर्षं तसंच चाललं आणि कुणी तक्रार केली नाही. नऊ महिन्यांपूर्वी सगळं क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर आणलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर नीट चालतं. नवशिक्याने सगळ्यात नवी आवृत्ती न घेता दीर्घ मुदतीची, म्हणजे जिला जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहतात ती घ्यावी, एवढं सांगून पुढे जातो.

पहिला आठवडा नकाशात नाही, नावांत गेला. जनगणनेचा तक्ता आणि जिल्ह्यांच्या सीमांची फाईल एकमेकांना जोडायची, तर बीडचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे तीन अक्षरी, दुसरीकडे चार अक्षरी. रायगड, गोंदिया, बुलढाणा यांचंही तेच. जुळलं नाही की तो जिल्हा नकाशातून चक्क गायब होतो, रंगही नाही आणि सूचनाही नाही. आता मी नावांवर जोडतच नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या 35 जिल्ह्यांना 497 ते 531 असे क्रमांक आहेत, ते वापरतो. सीमांची फाईलही त्याच काळातली हवी. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे 36 जिल्ह्यांच्या फाईलवर 2011चे आकडे चढवले की पालघरच्या जागी भोक पडतं आणि लहान झालेल्या ठाण्यावर अख्ख्या जुन्या जिल्ह्याची 1 कोटी 10 लाख माणसं बसतात. आणि जिथली माहिती खरोखरच नाही, तिथे राखाडी रंगाचा वेगळा थर खाली टाकून सूचीत, म्हणजे रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, ‘माहिती नाही’ लिहावं. पांढरं सोडलं तर लोक त्याला शून्य समजतात.

आता मुख्य गोष्ट, गट पाडण्याची. शाळेत नववीच्या भूगोलात क्षेत्रघनी पद्धत म्हणून जी शिकलो (आकड्यांचे गट पाडून प्रदेश फिकट-गडद रंगवायचे), तीच इथे ‘ग्रॅज्युएटेड’ या नावाखाली आहे. आकड्यांचा रकाना निवडा, रंग निवडा, ‘क्लासिफाय’ दाबा, दहा सेकंदांत नकाशा तयार. हीच याची गंमत आणि हाच धोका, कारण तो नकाशा काय म्हणतो हे तुमच्याआधी सॉफ्टवेअरने ठरवलेलं असतं.

लोकसंख्येच्या घनतेवर करून बघा. 2011ला गडचिरोलीत चौरस किलोमीटरला 74 माणसं आणि मुंबई उपनगरात 20,980. ‘इक्वल इंटरव्हल’ने, म्हणजे सारख्या अंतराचे, पाच गट केले की एकेक गट चार हजारांहून मोठा होतो. मुंबईचे दोन जिल्हे सगळ्यात गडद, बाकीचे 33 एकाच फिकट रंगात, मधले तिन्ही गट रिकामे. या नकाशापेक्षा ‘मुंबईत गर्दी आहे’ हे एक वाक्य स्वस्त पडलं असतं. मग ‘इक्वल काउंट’ लावलं, प्रत्येक गटात सात जिल्हे. नकाशा एकदम देखणा झाला. मी खूश. नंतर सूची वाचली तर नाशिक, जिथली घनता 393 आहे, ते मुंबई उपनगराच्याच रंगात. आकड्यांमधल्या मोठ्या फटी शोधून गट पाडणारे ‘नॅचरल ब्रेक्स’ही मुंबईच्या आकड्यांमुळे ताणले जातात. शेवटी हिस्टोग्राम (कुठल्या आकड्याचे किती जिल्हे ते दाखवणारा आलेख) उघडून गट हाताने लिहिले: 100, 200, 300, 500, 1,000. वीस मिनिटं लागली. तेव्हापासून तयार पर्याय मी फक्त अंदाजासाठी लावून बघतो.

गट न पाडता सुटका नाही, पण मुळात काय रंगवायचं हाही प्रश्न असतोच. टँकरची नुसती संख्या तालुक्यांवर रंगवण्याची चूक मी पहिल्याच महिन्यात केली. मोठा तालुका गडद दिसला, कारण तो मोठा होता. संख्या असेल तर लहानमोठी वर्तुळं, दर असेल तरच रंग, हा नियम आता भिंतीवर चिकटवलाय.

रंगांच्या बाबतीत मात्र मनापासून दाद. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’च्या रंगमाला आतच दिलेल्या आहेत. फिकट ते गडद अशी चढती माळ घनतेला, आणि मध्यबिंदूपासून दोन बाजूंना जाणारी माळ लिंग गुणोत्तरासारख्या विषयाला. 2011ला हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया दोनच जिल्ह्यांत होत्या, रत्नागिरीत 1,122 आणि सिंधुदुर्गात 1,036. मुंबई शहरात 832. हजारावर मध्य ठेवला की कोकणातली घरं आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या खोल्या एकाच नकाशात समोरासमोर येतात. त्यासाठी सममिती ठेवण्याचा पर्याय आहे, तो शोधायला मला दोन महिने लागले.

तरी पहिल्या ग्रामसभेत फजिती झालीच. लाल-हिरवा नकाशा रंगीत छापून नेला होता. तिथे सगळ्यांना वाटायला म्हणून ग्रामसेवकाने त्याच्या झेरॉक्स काढल्या. लाल आणि हिरवा, दोन्ही एकसारखे करडे. ‘आमचं गाव चांगल्यात की वाईटात?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर ‘व्ह्यू’ मेनूत नकाशा कृष्णधवल बघायची, रंगांधळ्या माणसाला तो कसा दिसेल तेही बघायची सोय आहे. आता प्रत्येक नकाशा आधी तिथे बघतो. चारपेक्षा जास्त गट झेरॉक्समध्ये टिकत नाहीत, त्यामुळे ग्रामसभेसाठी चारच.

मराठीबद्दल विचाराल तर त्रास आहे, पण मार्गही आहे. शेपफाईल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘टँकरसंख्या’ लिहिलं की पुढचं सगळं कापलं जातं. जिओपॅकेज हा नवा फाईलप्रकार वापरा, प्रश्न संपला. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले तक्ते आधी युनिकोडमध्ये आणावेच लागतात. पीडीएफ काढताना अक्षरं ‘पाथ’ म्हणून, म्हणजे रेषांच्या आकृत्या करून, बाहेर काढा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं मोडत नाहीत. फॉन्ट मी ‘मुक्त’ वापरतो, लहान आकारातही वाचता येतो.

छपाईचा लेआउट ताकदीचा आहे, पण शिकायला चिवट. राज्याच्या नकाशात मुंबई शहर ठिपक्याएवढं उरतं, म्हणून कोपऱ्यात मोठं करून दुसरी चौकट लावावी लागते. ती लावली आणि थर गोठवायला विसरलो, तर पुढच्या नकाशाच्या वेळी आधीचा नकाशाही बदलून बसतो. दोनदा बसलाय.

सगळ्यात जास्त शिकलो ते मात्र पावसाच्या नकाशात. जिल्हावार सरासरी पाऊस रंगवला होता. साताऱ्याला छान मध्यम निळा आला. बैठकीत दहिवडीकडच्या एका आजींनी त्यावर बोट ठेवलं. ‘एवढं पाणी आमच्यात कधी पडलं रं?’ महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आजींच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. सरासरीच्या त्या निळ्यात ना महाबळेश्वर होतं ना माण. घरी येऊन मी पर्जन्यकेंद्रांच्या आकड्यांवरून सममूल्य रेषा (सारख्या पावसाची ठिकाणं जोडणाऱ्या) काढायला गेलो, तर सॉफ्टवेअरने प्रत्येक केंद्राभोवती तळ्यात खडा टाकल्यासारखी कडी काढली. मध्ये घाट आहे, हे त्याला कोण सांगणार? केंद्रं थोडी असली की हे होणारच. तो नाद सोडला. आता तालुक्यांच्या सीमा पुसट राखाडी ठेवतो, केंद्राच्या जागी वर्तुळ आणि वर्तुळाशेजारी आकडा लिहितो. दोन केंद्रांमधली जागा कोरी राहते. पुढच्या बैठकीत आजींनी ती कोरी जागा बघितली आणि तिथल्या दोन वाड्यांना किती पाऊस होतो ते स्वतःच सांगायला लागल्या. मी पेन्सिलने लिहून घेतलं.