मोठ्या कंपनीची मेल यंत्रणा आखायला शिकवणारा कोर्स: बेळगावच्या फाउंड्रीत आठ-नऊ महिने वापरून

कोर्स संपवून आठ-नऊ महिने झाले. त्यातलं काय रोजच्या कामात आलं आणि काय वहीतच राहिलं, हे आता नीट सांगता येईल, म्हणून सविस्तर लिहितोय. आमची फाउंड्री आणि मशीन शॉप उद्यमबागेत, दुसरं युनिट शिरोली एमआयडीसीत आणि एक छोटं गोडाऊन निपाणीला. मेल वापरणारी माणसं अडीचशेच्या आसपास. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात अशा आकाराच्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांचं आयटी सांभाळणाऱ्या एक-दोन माणसांसाठी हे लिहिलंय.

कोर्स पुण्याच्या एका संस्थेचा, शनिवार-रविवार ऑनलाइन. सर्व्हर इन्स्टॉल कसा करायचा हे शिकवणारे कोर्स ढीगभर मिळतात. हा त्याच्या आधीचं शिकवतो: कुणाला काय लागतं, किती लागतं, काय बंद पडलं तर चालेल आणि पैसा कुठं घालायचा. आराखडा बराचसा मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ७०-३४५ परीक्षेवर बेतलेला आहे. एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांसाठीचा मेल सर्व्हर, त्याच्या २०१६ आवृत्तीचं डिझाइन आणि उभारणी हा तिचा विषय होता आणि ती जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. त्यामुळे प्रमाणपत्राच्या आशेनं कुणी जाऊ नका. नोट्स इंग्रजीत आहेत, पण शिकवणं मराठीत, अधूनमधून हिंदीत.

सगळ्यात मोलाचा भाग सुरुवातीलाच आला. सरांनी एक्सचेंजचं नावही न काढता आम्हाला फक्त प्रश्न तयार करायला लावले. मग गृहपाठ दिला: आपल्या कंपनीत प्रत्येक खात्याला विचारून या, मेल बंद पडला तर किती वेळानं काम अडतं, आणि मागचे किती तासांचे मेल गेले तर सहन होईल. पहिल्याला आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. परिभाषा मला आधीच माहीत होती. ती माणसांच्या टेबलावर नेऊन विचारायची कशी, हे इथं शिकलो.

मी मालकांना विचारलं, "अण्णा, मेल बंद पडला तर किती वेळ चालेल?"

"एक मिनिटसुद्धा चालायचं नाही."

हे उत्तर बहुतेक कंपन्यांत मिळतं. त्यावरून डिझाइन केलं तर खर्चाचा आकडा बघून मालकच फाइल बाजूला सारतात. म्हणून सरांचं सांगणं होतं की मालकांचं उत्तर लिहून घ्या, पण डिझाइन टेबलाटेबलावर बसून ठरवा.

मी आधी डिस्पॅचला बसलो. आमच्याकडे प्रत्येक लॉटबरोबर टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) जातं. त्यात हीट नंबर (माल भट्टीतल्या कुठल्या घाण्याचा ते), केमिस्ट्री, हार्डनेस असतं. लॅब ते मेलनं डिस्पॅचला पाठवते, डिस्पॅच ग्राहकाच्या क्वालिटी खात्याला पाठवतं. ते पोचलं नाही तर काही ग्राहक गाडी आत घेत नाहीत. डिस्पॅचचे मामा म्हणाले, "टीसी अडकला की गाडी तिकडं गेटवर उभी राहते, आणि जास्तीचं भाडं आपल्याच अंगावर." म्हणजे या टेबलाला अर्धा तास हीच मर्यादा. अकाउंट्सचं उत्तर वेगळं. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा सोडल्या तर त्यांना अर्धा दिवस चालतो. एचआर म्हणालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला तरी काही बिघडत नाही. मार्केटिंगला परदेशी ग्राहकांमुळे संध्याकाळ महत्त्वाची, सकाळ नाही. हे सगळं एका तक्त्यात मांडून, प्रत्येक पातळीचा खर्च शेजारी लिहून अण्णांपुढं ठेवलं. त्यांनी डिस्पॅच, लॅब आणि मार्केटिंगला वरची पातळी दिली, बाकीच्यांना मधली, आणि सही केली. त्या एका पानासाठी मी कोर्सची फी पुन्हा भरेन.

क्षमतेचं गणित मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल कॅल्क्युलेटरवर शिकवलं. माणसाला दिवसाला ५०, १००, १५० मेल असे प्रोफाइल, सरासरी मेल ७५ केबीचा, असं गृहीत धरून ते चालतं. हे आकडे ऑफिसातल्या माणसांचे झाले. आमच्या ड्रॉइंग खात्यातून थ्रीडी मॉडेल आणि पीडीएफ ड्रॉइंगं जातात, तिथं ही सरासरी कुठल्या कुठं जाते. स्वतःचे आकडे मेसेज ट्रॅकिंग लॉगमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलच्या ये-जा नोंदींतून, काढायचे हे शिकवलं होतं, ते मी केलं आणि खातेवार वेगळे प्रोफाइल ठरवले. अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस६४ मध्ये बदलली जाते. मूळ तीन बाइटचे चार होतात, म्हणून १५ एमबीची फाइल वाटेत २० एमबीची होते. समोरच्याची मर्यादा २५ एमबी असली तरी २० एमबीचं ड्रॉइंग परत येतं ते यामुळे. ड्रॉइंगवाल्यांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आता १० एमबीच्या वरचं सगळं लिंकनं जातं आणि परत येणाऱ्या मेलची कटकट जवळजवळ संपली.

डॅग, म्हणजे डेटाबेस अव्हेलेबिलिटी ग्रुप (एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम उचलावं म्हणून जोडलेले एक्सचेंज सर्व्हर), या विषयाला कोर्सनं खूप वेळ दिला. एका गटात १६ पर्यंत सर्व्हर, डेटाबेसच्या अनेक प्रती, कोरम (चालू राहायला लागणारं बहुमत), विटनेस (बहुमतासाठीचं जादा मत). आमच्या आकाराला एवढं लागत नाही, पण विटनेसचा धडा लक्षात राहिला. उद्यमबाग आणि शिरोली यांच्यामधली लाइन तुटली तर दोन्हीकडचे सर्व्हर "मीच चालू आहे" म्हणणार. दोन भावांच्या वाटणीत तिसरा पंच लागतो तसा इथं तिसऱ्या ठिकाणचा विटनेस लागतो. आमचा दोन्ही युनिटांचा फाइल सर्व्हर क्लस्टर (जोडून ठेवलेले सर्व्हर) आम्ही याच विचारानं पुन्हा मांडला.

मेलसाठी मात्र आम्ही स्वतःचा सर्व्हर ठेवला नाही. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन सब्स्क्रिप्शन एडिशन त्याच वर्षी जुलैत आली होती. बॅचमधले बरेच जण त्या वाटेनं गेले आणि त्यांच्याकडे माणूसबळ आहे, त्यांचं बरोबरच आहे. आमच्याकडे रात्रपाळीला भट्टी चालू असते, आयटीचा माणूस नसतो. म्हणून मेलबॉक्स एक्सचेंज ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, आणि उद्यमबागेत ईआरपी (बिलं-स्टॉकचं सॉफ्टवेअर), स्कॅनर, अटेंडन्स मशीन, यूपीएस यांच्यासाठी एक छोटा पोस्टफिक्स रिले, म्हणजे त्यांचे मेल घेऊन पुढं पाठवणारा सर्व्हर. डिस्पॅच आणि लॅबला शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे खात्यातल्या सगळ्यांना उघडता येणारे सामाईक मेलबॉक्स, दिले. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, उघडणाऱ्या माणसाला स्वतःचं असलं की झालं. शिवाय परचेसचा पोरगा नोकरी बदलून हिंजवडीला गेला की त्याच्याबरोबर सप्लायरचा सगळा पत्रव्यवहार अडकून पडायचा, तेही थांबलं.

या रचनेची परीक्षा जुलैत झाली. पाऊस लागून राहिलेला, रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि उद्यमबाग जवळजवळ दिवसभर नेटविना. डिस्पॅच आणि लॅबला वरची पातळी दिलेली असल्यामुळे त्यांच्यासाठी फोरजीची दुसरी लाइन होती, टीसी जात राहिले. ईआरपीची बिलं रिलेच्या रांगेत थांबली आणि लाइन आल्यावर आपोआप निघाली. दुपारी अण्णांचा फोन आला, "आलेले मेल हरवले काय?" आपल्याकडे येणारे मेल आता आपल्या इमारतीत येतच नाहीत, ते मेलबॉक्समध्ये पडतायत, हे सांगता आलं. सर्व्हर इथं असता तरी लगेच काही हरवलं नसतं. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांना मेल देतात त्यांचं, २००८ चं मानक, आरएफसी ५३२१, पाठवणाऱ्या सर्व्हरला सांगतं की समोरचा सर्व्हर लागला नाही तर साधारण अर्ध्या तासाच्या अंतरानं पुन्हा प्रयत्न कर आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नकोस. हा भाग वर्गात रुक्ष वाटला होता. त्या दुपारी त्याच्याच जोरावर मी शांतपणे उत्तर देऊ शकलो.

मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे का हे समोरच्याला तपासता यावं म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत, तीन रेकॉर्ड ठेवतात: एसपीएफ (आपल्या नावानं कुठले सर्व्हर पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरच्या डिजिटल सहीसाठी) आणि डीमार्क (नापास मेलचं काय करायचं). यावरचे तास फार उत्तम झाले. बहुतेक ठिकाणी हे तीन रेकॉर्ड कॉपी-पेस्ट करून मोकळे होतात. इथं आधी कागदावर चित्र काढायला लावलं: आपल्या डोमेनच्या नावानं नेमकं कोण कोण मेल पाठवतं? आमच्या चित्रात शेवटी वेबसाइटचा फॉर्म, पगारपत्रकं पाठवणारा बाहेरचा व्हेंडर आणि एक जुनी सर्व्हिस निघाली, जिची आठवण कुणालाच नव्हती. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या दहाच चौकशांची मुभा असते. प्रत्येक व्हेंडरचा इन्क्लूड, म्हणजे त्याच्या यादीकडे बोट दाखवणारी नोंद, त्यात मोजला जातो, आणि त्याच्या पोटातले इन्क्लूडही. दहा ओलांडले की रेकॉर्ड दिसायला नीट, पण तपासणीत नापास. यावर सरांचा उपाय साधा होता: व्हेंडरला आणि ईआरपीला वेगवेगळे सबडोमेन द्या, म्हणजे प्रत्येकाचा एसपीएफ वेगळा. तसं केलं. डीमार्क आधी नुसतं अहवाल घेण्यासाठी ठेवलं, अहवाल वाचून सगळे खरे पाठवणारे जागेवर आले की मगच क्वारंटाइन, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना आणि याहूनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं. आपण त्यात येत नाही म्हणून निवांत राहू नका, एसपीएफ किंवा डीकेआयएम त्यांना सगळ्यांकडूनच हवं असतं.

"आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथं करा" हा खोटा मेल ज्यांनी पाहिलाय त्यांना या विषयाची धग कळेल. डीमार्क आपल्याच डोमेनच्या नावाची नक्कल अडवतं. एका अक्षराच्या फरकानं घेतलेलं दुसरं डोमेन ते अडवत नाही. हे कोर्समध्ये स्पष्ट सांगितलं, आणि म्हणून डिझाइनच्या कागदातच एक ओळ टाकायला लावली: खातं बदलाचा मेल आला तर जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करून खात्री. ही ओळ आमच्या परचेस आणि अकाउंट्सच्या भिंतीवर लावलीय.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे कायद्याचा भाग. उदाहरणं अमेरिकेतली, सारबेन्स-ऑक्स्ली (कंपन्यांच्या हिशेबाचा कायदा) आणि हिपा (रुग्णांच्या माहितीचा). सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा साधा उल्लेख नव्हता. लॉग १८० दिवस जपायचे, सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची, हे सगळं मेलच्या डिझाइनला थेट लागतं. तसंच जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनी कायद्यात हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षं ठेवायला सांगितल्यात. आमची बिलं मेलनं जातात-येतात, म्हणून किती काळ काय ठेवायचं हे सीएंबरोबर बसून ठरवलं. क्लाउडवर आहे म्हणजे सगळं कायमचं जपलं जातं असं समजू नका. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये कायमचा डिलीट केलेला मेल मूळ सेटिंगला १४ दिवस परत मिळतो, वाढवून जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढं रिटेन्शन धोरण, म्हणजे काय किती काळ जपायचं, ते स्वतः आखावं लागतं.

दुसरी उणीव पीएसटी फाइलींची, म्हणजे आउटलुक पीसीवर जुने मेल साठवतं त्या. कोर्सच्या सरावाच्या लॅबमधली कंपनी स्वच्छ असते, तिथं कुणाच्या डी ड्राइव्हवर वर्षानुवर्षांचे मेल साठलेले नसतात. आमच्याकडे ते सगळीकडे होते, निपाणीच्या गोडाऊनमधल्या पीसीवरसुद्धा. ते शोधणं, कुणाचं काय ठेवायचं हे ठरवणं आणि चढवणं यातच स्थलांतराचा बहुतेक वेळ गेला. प्रत्यक्ष बदल त्यामानानं सोपा, एमएक्स रेकॉर्डचा (आपले मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे ही नोंद) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे टिकण्याचा वेळ, आधीच उतरवून ठेवला होता. कोर्सच्या लॅबचे तासही मोजके मिळतात आणि संध्याकाळी मशीन रेंगाळतात. रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीनंतर बंद होतात, हे फी भरताना कुणी सांगत नाही.

नुकतेच इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या पोरांनी आधी डीएनएस आणि लिनक्स पक्कं करावं. एखादं डोमेन घेऊन स्वतः पोस्टफिक्स चालवून बघावं, डीएनएसच्या नोंदी बघायची डिग कमांड हाताला बसू द्यावी, आणि मग इकडं यावं. ज्यांना मालकांसमोर बसून खर्चाची चर्चा करायची संधी आहे, त्यांनी मात्र थांबू नये.

शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या कंपनीचं डिझाइन तीन जणांसमोर मांडावं लागतं. एक मालकाच्या भूमिकेत, एक फायनान्सच्या, एक ऑडिटरच्या. ते खरोखर घाम काढतात, आणि अण्णांसमोर बसताना त्याचाच उपयोग झाला. कुठल्याही संस्थेत फी भरण्याआधी हे सादरीकरण आहे का, तपासणाऱ्यांनी स्वतः मोठी मेल यंत्रणा चालवलीय का, लॅब किती तास मिळते आणि रेकॉर्डिंग कधीपर्यंत, एवढं लेखी विचारून घ्या. आमच्या खातेवार प्रश्नांचा तक्ता कुणाला हवा असेल तर कंपनीची माहिती काढून द्यायला मी तयार आहे.