लीन-बर्न इंजिनाचा नॉक्स: ट्रॅप, व्हॅनेडियम की झिओलाइट?

लीन-बर्न इंजिन, म्हणजे डिझेलसारखं गरजेपेक्षा जास्त हवेत इंधन जाळणारं. त्याच्या धुरातला नॉक्स (नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं) घालवायला पेट्रोल गाडीतला थ्री-वे कॅटॅलिस्ट (धुरातले तीन प्रकारचे प्रदूषक एकदम घालवणारा उत्प्रेरक) उपयोगाचा नाही. त्याला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७ : १ च्या आसपास लागतं. लीन-बर्नच्या धुरात ऑक्सिजन इतका उरतो की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन त्याच्याशीच जळून जातात, नॉक्सच्या वाट्याला काही येत नाही.

छोट्या गाडीत युरियाची टाकी बसवायला जागा नसेल, तर लीन नॉक्स ट्रॅप सोयीचा. त्यात प्लॅटिनमवर नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि बेरियम तो नायट्रेटच्या रूपात धरून ठेवतं. ठरावीक वेळाने इंजिन काही सेकंद इंधन वाढवतं. साठलेला नॉक्स सुटतो आणि रोडियमवर त्याचा नायट्रोजन होतो. गोम आहे इंधनातल्या गंधकात. त्यापासून होणारं बेरियम सल्फेट नायट्रेटपेक्षा कितीतरी चिवट, ते काढायला साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं, तेही धुरात ऑक्सिजन नसताना. यात इंधनही जातं आणि कॅटॅलिस्टही झिजतो. मौल्यवान धातूंचा खर्च वेगळाच.

इंजिन मोठं आणि तासन्‌तास चालणारं असेल, तर मी सरळ एससीआरकडे (अमोनियाने निवडक नॉक्स घालवणाऱ्या पद्धतीकडे) जाईन. ३२.५ टक्के युरियाचं द्रावण धुरात फवारलं की अमोनिया तयार होतो आणि तो नॉक्सचा नायट्रोजन करतो. मात्र द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, आणि धूर २०० अंशांच्या खाली असताना फवारलं तर नळीत खडे धरतात.

खरी निवड पुढेच आहे: एससीआरचा कॅटॅलिस्ट कोणता? व्हॅनेडियम-टिटानिया स्वस्त, गंधकाला न जुमानणारा, ३०० ते ४०० अंशांत उत्तम. पण आधी डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) असेल तर तो जाळून साफ करताना येणारी उष्णता त्याला मानवत नाही. तांब्याचा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांच्या खनिजात तांबं), विशेषतः चॅबाझाइट जातीचा, ही उष्णता सोसतो आणि कमी तापमानातही चांगलं काम करतो. म्हणून शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या वाहनाला तोच. गंधकाने मात्र तो मंदावतो, आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही (हा हरितगृह वायू) सोडतो. लोखंडाचा झिओलाइट जास्त तापमानाला सरस, पण थंड धुरात त्याला नायट्रोजन डायऑक्साइडचा हातभार लागतो.

चांदी-अॅल्युमिनावर इंधनातल्याच हायड्रोकार्बननी नॉक्स घालवण्याची कल्पना आकर्षक आहे, पण कमी तापमानात ती ढेपाळते.

विक्रेता ९५ टक्के नॉक्स जातो असा आकडा दाखवेल. तुमच्या धुराच्या नेहमीच्या तापमानाला, आणि नव्या नव्हे तर तापवून जुना केलेल्या नमुन्यावर किती, तेवढं विचारा.