एनए मियाटात के२४ इंजिन: रोज चालवून पाहिल्यावर

इंजिन बदलल्याचे व्हिडिओ बहुतेक पहिल्या स्टार्टला संपतात. किल्ली फिरते, इंजिन धडधडत जागं होतं, गॅरेजमधले सगळे टाळ्या पिटतात आणि खेळ खलास. त्याच गाडीत नंतर थंडीच्या सकाळी बसायचं असतं, सिग्नलला उभं राहायचं असतं, भर दुपारी रांगेत रखडायचं असतं. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते बदल जमला की फसला हे तिथे कळतं, डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर नाही. म्हणून हा अनुभव मुख्यतः गाडी रस्त्यावर आल्यानंतरचा आहे.

गाडी माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा. पहिली पिढी, म्हणजे १९८९ साली आलेली, दिवे वर उघडणारी, जिला सगळे एनए म्हणतात. मूळचं १.६ लिटर इंजिन, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, टॉर्क साधारण १३५ न्यूटन-मीटर. वजन हजार किलोच्या आत असल्यामुळे एवढ्यावरही ती मजेत पळते. आता आत आहे होंडाचं के२४ए२, २००४ ते २००८ च्या अ‍ॅक्युरा टीएसएक्समधलं. २३५४ सीसी, कंपनीच्या आकड्यांत २०० हॉर्सपॉवर आणि २२० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क.

टर्बो का नाही, हे सगळेच विचारतात. कारण जुन्या १.६ ची अडचण ताकदीपेक्षा गरमीची आहे. हे इंजिन मुळात माझदा ३२३ सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांच्या घराण्यातलं. एमएक्स-५ मध्ये उभं बसवताना पाणी बाहेर पडायची वाट हेडच्या पुढच्या टोकाला आणली. पाणी आत येतंही पुढून आणि जातंही पुढून. मागच्या सिलिंडरांना त्यातलं उरलंसुरलं मिळतं. साध्या वापरात काही बिघडत नाही, पण टर्बो लावून दाब वाढवला की नेमकी तीच मागची दोन सिलिंडरं आधी तापतात. त्यावर पाण्याची वाट मागून काढायचा उपाय आहे, लोक करतात. मला त्यापेक्षा मुळातच नीट थंड राहणारं, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, बेल्टऐवजी चेनवालं इंजिन हवं होतं. जुन्याचा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे आकाराने मोठं असूनही के२४ वजनाला जवळपास तेवढंच भरतं. पुढची चाकं जड झाली नाहीत, आणि या गाडीत तो मुद्दा ताकदीपेक्षा मोठा आहे.

बसवण्याबद्दल थोडक्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, पुढची बाजू वर करून तिरकं काढावं लागतं. त्याआधी गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत) जाणारी ती लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट, पीपीएफ, सोडवायची असते. ती परत लावताना गिअरबॉक्सची उंची मोजूनच लावा, नाहीतर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि पुढे महिनाभर घरघर कुठून येते ते शोधत बसाल. के२४ साठी बनवलेली सब-फ्रेम, फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंगं), ऑइल चेंबर आणि मूळच्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट तयार मिळते. एमएक्स-५ चाच गिअरबॉक्स ठेवला तर एक फायदा सहज होतो: स्पीडोमीटरची केबल त्याच्यातूनच येते, त्यामुळे काटा आपोआप चालतो. रेव्ह काउंटरला मात्र नव्या ईसीयूमधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) वेगळा सिग्नल द्यावा लागतो.

जिथे वेळ खरोखर जातो त्या गोष्टी वेगळ्याच. टीएसएक्सचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे आणि एनएच्या पेडलला केबल. एकतर केबलवाली थ्रॉटल बॉडी लावायची, नाहीतर पेडलसकट सगळंच बदलायचं. मी केबल ठेवली आणि त्याचं समाधान रोज मिळतं. दुसरं म्हणजे एक्झॉस्टची बाजू बदलते. जुन्या इंजिनाचा एक्झॉस्ट डावीकडे, के२४ चा उजवीकडे. गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल तर हेडर (इंजिनातून निघणारे एक्झॉस्टचे पाइप) आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच गल्लीत राहायला येतात. हेडर निवडतानाच हे बघून घ्यायला हवं.

आता रोजचं चालवणं.

सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते थंड स्टार्टने. गरम इंजिनाचं ट्यूनिंग तसं सरळ असतं. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) बघत, लोड आणि आरपीएमनुसार पेट्रोलचा तक्ता भरत जायचा, इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किती पुढे सरकवायचा ते ठरवायचं. या इंजिनाचा कॅम ५० अंशांपर्यंत सरकतो, त्यामुळे मधल्या आरपीएमचा टॉर्क अक्षरशः हाताने घडवता येतो आणि त्या कामात मजाही आहे. थंड स्टार्टचं तसं नाही. स्टार्टर फिरताना किती पेट्रोल, पेटल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत किती, पाणी तापत जाईल तसं ते कसं कमी करत न्यायचं, आयडलला हवा किती सोडायची, हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. आणि चाचणीची संधी दिवसातून एकदाच. एकदा इंजिन चालू झालं की ते थंड राहत नाही. चुकला आकडा तर उद्या सकाळी भेटू. बरं, तो आकडा आजच्या तापमानाचा. ऋतू बदलला की तक्त्याच्या ज्या खान्यात तुम्ही अजून शिरलाच नव्हता तिथे इंजिन जाऊन उभं राहतं आणि फुरफुरतं. कंपन्या यासाठी गाड्या बर्फात आणि वाळवंटात का नेतात ते मला या काळात चांगलंच उमगलं.

गरम असताना पुन्हा स्टार्ट करण्याचीही एक गंमत आहे. गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की बोनेटखालची उष्णता इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) मुरते. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर त्या तापलेल्या धातूचं तापमान सांगतो, ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो पेट्रोल कमी करतो आणि पहिलं मिनिटभर गाडी आचके देते. सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून फिल्टरजवळच्या पाइपमध्ये नेला आणि दुखणं जवळजवळ गेलं. पेट्रोल पंपावरून आचके देत निघणारी देखणी गाडी बघायला लोकांना फार आवडतं, एवढंच सांगतो.

थरथर हा दुसरा मोठा विषय, आणि याबद्दल आधी स्पष्ट बोललं जात नाही. चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनात पिस्टनच्या हालचालीमुळे क्रँकच्या दुप्पट वेगाने एक वर-खाली हिसका तयार होतो. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) लांब आणि पिस्टन जड, तेवढा तो मोठा. जुन्या १.६ चा स्ट्रोक ८३.६ मिमी, के२४ चा ९९ मिमी. होंडाने त्यासाठी चेंबरमध्ये क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्स शाफ्ट दिले होते. पण जागेसाठी आणि वरच्या आरपीएमसाठी बहुतेक जण ते काढून के२० चा (याच घराण्यातल्या २ लिटर इंजिनाचा) ऑइल पंप लावतात, माझ्याही गाडीत तेच आहे. त्यात फाउंडेशन कडक. परिणाम असा की ठरावीक आरपीएमला आरसा धूसर होतो आणि गिअरच्या दांड्यातून बोटांना मुंग्या येतात. त्याच्या खाली किंवा वर सगळं शांत. माझा उपाय थोडी मऊ रबरं घालण्याचा. मग गिअर बदलताना इंजिन किंचित डुलतं, पण लांबच्या प्रवासात डोकं भणभणत नाही. ज्यांना गाडी फक्त ट्रॅकवर न्यायची आहे त्यांनी कडकच ठेवावीत. रोज चालवणाऱ्याने मऊ घ्यावीत आणि मित्रांचे टोमणे ऐकून घ्यावेत.

याच स्ट्रोकमुळे वरच्या आरपीएमचा मोहही आवरायला हवा. ७१०० ला के२४ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २३.४ मीटर होतो. जुनं इंजिन ७००० ला १९.५ च्या आसपास असायचं. लोक ८००० पर्यंत नेतात, तिथे तो २६ च्या वर जातो. माझा लिमिटर मूळच्याच जागी आहे. त्याच्या वर जाऊन मिळतं थोडं, झिजतं जास्त.

गाडी चालते कशी? तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आता विचार करावा लागत नाही. जुन्या इंजिनाला योग्य आरपीएममध्ये धरून ठेवणं हे एक काम होतं. हे इंजिन ३००० ला उचलतं, ४५०० ला छान ओढतं आणि वर व्हीटेकचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, दुसरा कॅम लागला की आवाज बदलतो. दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेलं की वेग ताशी १०० किलोमीटरला टेकतो. आणि नेमकी इथेच माझी एक तक्रार आहे. जुन्या गाडीत पेडल तळाला टेकवून, गिअर पिळून काढून चालवायची जी धमाल कमी वेगात मिळायची, ती गेली. आता तेवढीच धमाल हवी तर वेग बराच जास्त लागतो आणि सार्वजनिक रस्त्यावर तो योग्य नाही. ही गाडी आता जास्त समर्थ आहे, जास्त खेळकर आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला मूळ एनएचा स्वभावच आवडतो त्याने १.६ चं बेअरिंग-रिंगचं काम नीट करून घ्यावं, नवा बेल्ट टाकावा आणि पैसे टायरवर घालवावेत.

मागच्या बाजूकडे दुर्लक्ष चालत नाही. १.६ च्या गाड्यांतलं डिफरेन्शियल लहान, ६ इंची क्राउन गिअरचं. एवढ्या टॉर्कपुढे ते टिकत नाही, ही जगजाहीर गोष्ट आहे. १.८ च्या गाड्यांबरोबर ७ इंची आलं, त्यात टॉर्सनही (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरेन्शियल) मिळतं. ते घेताना प्रॉपेलर शाफ्ट आणि ड्राइव्हशाफ्टही त्याच गाडीचे घ्यावे लागतात, सुटं डिफरेन्शियल घेऊन भागत नाही. ब्रेकचंही तेच. १.६ च्या पुढच्या डिस्क २३५ मिमीच्या, १.८ च्या २५५ मिमीच्या, आणि कॅलिपरच्या ब्रॅकेटसह त्या बसतात. इंजिनाच्या आधी हे दोन्ही करून घ्या. पाच स्पीडचा गिअरबॉक्स मी ठेवलाय आणि त्याला जपून वागवतो. खालच्या आरपीएमला उंच गिअरमध्ये पेडल दाबून त्याच्यावर भार टाकत नाही.

पाण्याचं तापमान हा या बदलातला सगळ्यात सुखाचा भाग. थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला आहे, त्यामुळे तापमान हळूहळू आणि सरळ चढतं आणि तिथेच थांबतं. रांगेत रखडल्यावर पंखा लागतो, काटा खाली येतो, पंखा बंद होतो. फक्त कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करून हवा पूर्ण काढावी लागते, कारण हीटरचे पाइप लांबून फिरवलेले असतात आणि हवा तिथेच अडकते. हीटर गार वारा टाकत असेल तर आधी हे तपासा. पाण्याची चिंता गेली, पण बोनेटखालची कोरडी उष्णता वाढली. हेडरला गुंडाळी, स्टार्टरच्या केबलला आणि क्लचच्या पाइपला उष्णतारोधक नळी, हे चैनीत मोडत नाही.

काय काय सुटलं, गळलं? चेंबरच्या जोडावर तेलाचा घाम यायचा, पॅकिंगचा जोड पुन्हा साफ करून लावल्यावर थांबला. सायलेन्सरचा एक ब्रॅकेट थरथरीने तडकला, तिथे रबरी लोंबकळ दिल्यावर पुन्हा तडकला नाही. वायरिंगच्या एका अर्थच्या टोकामुळे काही दिवस मिसिंग येत होतं. इंजिनाच्या आत मात्र अजून हात घालावा लागलेला नाही. एक सवय लावून घ्यावी लागते ती व्हॉल्व्हच्या टॅपेटची. जुन्या १.६ मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर होते, टकटक करत पण स्वतःच जुळवून घेत. के२४ मध्ये स्क्रू आणि लॉकनट, म्हणजे फीलर गेज घेऊन हाताने. अर्ध्या दुपारचं काम आहे आणि मला ते आवडतं.

कागदपत्रांचं आधी बघा. इंजिन क्रमांक बदलतो, विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि धुराची चाचणी गाडीच्या सालाने होणार की इंजिनाच्या, हे जागेनुसार ठरतं. काही ठिकाणी इंजिन गाडीपेक्षा नवं असलं तरी त्याचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सगळे सेन्सर सोबत असावेच लागतात. परवानगी मिळणार नसेल तर सुटे भाग गोळा करायला सुरुवातच करू नये.

अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. शांत चालवलं तर जुन्याइतकंच, आणि शांत चालवणं जमत नाही. हायवेवर मात्र गिअरिंग खटकतं. पाचव्या गिअरचा रेशो ०.८१४ आणि माझ्या टॉर्सनचा ४.१ धरला तर ताशी १०० ला इंजिन ३०६० च्या आसपास फिरतं. एवढा टॉर्क असलेल्या इंजिनाला ते फार आहे, शिवाय थरथरीचा पट्टा तिथून लांब नाही. नंतरच्या सहा स्पीडच्या गाड्यांमध्ये येणारी ३.९ ची क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधली गिअरची जोडी) घातली की हे २९२० वर येईल. सध्या ती शोधतोय. सहा स्पीडचा गिअरबॉक्सही सोबत मिळाला तर तो जास्त दणकट आहे, पण शिफ्ट जरा जड लागते, तेव्हा आधी नुसती क्राउन-पिनियनच बदलून बघणार.