गव्हाशिवाय नाताळचा केक: घरघंटी घेतल्यानंतरचा अनुभव

घरघंटी घ्यावी का, असं विचारणारे बहुतेक जण ताज्या पिठाच्या चपात्यांसाठी विचारतात. आमच्या घरघंटीत आजवर गव्हाचा एक दाणा पडलेला नाही आणि पडणारही नाही. सुनेला सिलिॲक हा आजार आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला बाधतं. रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी आणि बायोप्सी असं सगळं होऊन निदान पक्कं झालं आणि गहू, जव, राय जन्मभरासाठी बंद झाले. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

कोल्हापुरात हे पथ्य फार जड जाऊ नये. ज्वारीची भाकरी, भात, आंबोळी, तांबडा-पांढरा, सगळं चालतं. वर्षाच्या चटणीत पडणारा हिंग तेवढा बघावा लागतो, कारण डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. खरं अडलं ते दोन ठिकाणी: गिरणीत आणि नाताळात.

आधी गिरणीचं सांगते, कारण केकचं सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानं अगदी मनापासून सांगितलं, “काकी, आदी मूठभर ज्वारी टाकून जातं साफ करून देतो की!” माणूस भला आहे, पण हिशेब जुळत नाही. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमसुद्धा गव्हाचं पीठ चालत नाही. चिमटीत त्याहून जास्त मावतं. जात्याच्या दगडावरच्या खाचांत, पट्ट्याच्या आडोशाला आणि हवेत उडत असलेलं पीठ मूठभर ज्वारीनं कसं निघणार? शेजारणींना हे पटवताना मी उपासाचं उदाहरण दिलं. वरीच्या पिठाला गव्हाचा हात लागला तर तुम्ही ते उपासाला घेत नाही ना, तसंच हे. फक्त इथं बाधतं ते आतड्याला. तेव्हापासून कुणी “थोडं खाल्लं तर काय होतंय” म्हणत नाही.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घरघंटी आणली. एक एचपीची, साध्या घरगुती प्लगवर चालणारी, कपाटासारखी उभी. आत दगड नसतो. लोखंडी खोलीत स्टीलची पाती फिरतात आणि धान्य जाळीतून बारीक होऊन खालच्या डब्यात पडतं. जाडी ठरते ती जाळीवर. दुकानदार सोबत चार-पाच जाळ्या देतो, पण तांदळाच्या केकच्या पिठासाठी सगळ्यात बारीक जाळीच लागते आणि ती सगळ्यात आधी झिजते. दुकानातच जादा मागून घ्या.

तांदूळ बारीक जाळीवर सावकाश निघतो. ज्वारी झरझर. नाचणी इतकी लहान की पहिल्या मिनिटाला वाटतं काही पडतच नाही. पीठ गरम पडतं, ते पसरून निवल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. धान्य खडखडीत वाळलेलं हवं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेला असला आणि आत जराशी ओल राहिली, तर जाळी लिंपली जाते आणि ती ब्रशनं घासत बसण्यात सकाळ जाते. बदाम, शेंगदाणे, तीळ यात घालायचेच नाहीत. त्यांचं तेल सुटतं आणि जाळीवर लगदा बसतो. बदामाची पूड मिक्सरमध्ये, तीही थांबून थांबून.

तक्रारी आहेत. आवाज एवढा की दुपारी चालवली तर वरच्या मजल्यावरून निरोप येतो. दाराच्या रबराखालून बारीक पीठ येतंच. रोज पुसावं लागतं. पावसाळ्यात एकदा मोटर अडकली, तर सर्व्हिसचा माणूस येईपर्यंत फोन करून करून जीव गेला. कंपनीचं नाव घेत नाही, इतरांकडून ऐकलं ते पाहता सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच दिसतंय. विजेचा खर्च मात्र वाटला होता तसा नाही. एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, तासभर सलग चालली तरी युनिटभराच्या आत-बाहेर.

आता केक. आमच्या घरी नाताळच्या फराळात केकइतकाच मान करंज्यांना आणि शंकरपाळ्यांना. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात अमेरिकन मिशन सुरू केलं, केक त्या वाटेनं घरात आला असावा. करंजी तर इथलीच. मैदा बंद झाल्यावर सगळ्यांना वाटलं, करंजी कशीही जमेल, केकचं काही खरं नाही. झालं उलटं. तांदळाच्या पिठाची करंजी लाटताना चिरते, मुरडताना फाटते, तळताना उघडते. शंकरपाळी दाताला लागते. केकचं मात्र काहीच बिघडलं नाही.

कारण साधं आहे. गव्हातली ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्यात भिजली आणि मळली गेली की ताणणारी जाळी बनते. चपाती त्यामुळे लाटता येते, पाव त्यामुळे फुगतो, करंजीची पारी त्यामुळे टिकते. फ्रूटकेकला हा ताण नकोच असतो. मैद्याचा केक करतानाही आपण पीठ घातल्यावर फार फेटत नाही ते याचसाठी. त्यात पिठाच्या जवळजवळ तिप्पट फळं. त्यांना धरून ठेवतात अंडी आणि लोणी, वर थोडा चिकटपणा लागतो तो इसबगोलाच्या भुशातून मिळतो. गव्हाशिवाय पहिल्यांदा काही भाजायचं असेल तर स्पंजच्या वाटेला जाऊ नका, फ्रूटकेकपासून सुरुवात करा.

पिठांबद्दल. नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक भुसभुशीत आणि कोरडा होतो. नुसत्या ज्वारीचा ओलसर राहतो, पण मागे किंचित कडवट चव राहते. फळं कमी असली तर ती कळते. नाचणीनं रंग सुरेख येतो, पण चव चॉकलेटकडे झुकते, मला ती फ्रूटकेकमध्ये नको वाटली. राजगिऱ्याचा वास मसाल्यालाही दबत नाही. आजऱ्याचा घनसाळ कुणीतरी आणून दिला होता, त्याचंही पीठ करून पाहिलं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, घमघमीत तांदूळ. पण लवंग-जायफळासमोर त्याचा वास कुठल्या कुठे गेला. तो भाताला ठेवा, केकला लक्ष्मीपुरीच्या बाजारातला साधा तांदूळ पुरतो. ओट्स आम्ही घेतच नाही, कारण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळायची शक्यता फार. बाजारातलं तयार ग्लुटेन-फ्री मिश्रणही वापरलं. वाईट नाही, पण आम्ही घेतलेल्यात स्टार्चच जास्त, आणि दुसऱ्या दिवशी केक खडूसारखा लागायला लागला.

आठ इंची गोल टिनाला माझं ठरलेलं प्रमाण असं: तांदळाचं पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचं ६०, बदाम पूड ६०, कॉर्नफ्लोअर ३०, इसबगोल एक चहाचा चमचा, बेकिंग पावडर एक चमचा (डब्यावर गव्हाचा स्टार्च नाही ना, हे वाचून). लोणी २०० ग्रॅम, चाळलेली गूळ पावडर १५०, अंडी चार, फळं आणि सुकामेवा मिळून ७०० ग्रॅम. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ. लोणी-गूळ फेटून अंडी एकेक करून घालायची, मग पीठ, शेवटी फळं. मिश्रण टिनात ओतायच्या आधी अर्धा तास झाकून ठेवायचं. ही पायरी गाळू नका. तांदूळ-ज्वारीचं पीठ पाणी हळू पितं. तसंच भाजलं तर रवाळ लागतं. इसबगोलही याच अर्ध्या तासात फुगतो.

गुळाबद्दल कोल्हापूरकरानं वेगळं काय सांगावं! शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालं. पण केकला पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो दिसायला छान आणि चवीला नुसता गोड. गडद, जरा काळपट गूळ घ्या. आणि काकवी. विलायती फ्रूटकेकमध्ये ट्रीकल नावाचा उसाचा काळा पाक पडतो, साखर जाळून कॅरमेल करतात ते त्याच रंगासाठी. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं लागतात आणि ताजी काकवी नाताळाला वेळेवर हाती येते. दोन मोठे चमचे काकवी घातली की साखर जाळायचं काम वाचतं, शिवाय गूळ आणि काकवी ओल धरून ठेवतात. बिनगव्हाचा केक लवकर कोरडा पडतो, त्यावर हाच इलाज मला सगळ्यात खात्रीचा वाटला.

फळं मी दसऱ्यानंतर भिजवली. बेदाणे तासगावकडचे, काळे मनुके, खजूर, संत्र्याची पाकवलेली साल, टुटीफ्रुटी आणि चेरी. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, आणि बेकरीच्या बरणीतली लाल चेरी म्हणजे बहुतेक वेळा पाकातलं करवंद. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पन्हाळ्याच्या बाजूला उन्हाळ्यात पाट्या भरून करवंदं येतात, यंदा घरीच पाकवायचा विचार आहे, तो भडक रंग तरी टळेल. खजूर अख्खा घेऊन घरी चिरा, चिरलेल्या पाकिटातल्या तुकड्यांना चिकटू नयेत म्हणून पीठ लावलेलं असू शकतं. भिजवायला रम. ती उसाच्या मळीची, तिचा गव्हाशी संबंध नाही. बिअर जवाची असते, ती नाही चालत. सासूबाईंना दारूचं नाव चालायचं नाही म्हणून त्यांच्या वेळी संत्र्याच्या रसात भिजवायचो. तेही उत्तम होतं, मात्र फळं फ्रीजमध्ये आणि आठवड्याच्या आत वापरून टाकायची.

ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, १५० अंशांवर, मधल्या कप्प्यात, दोन तासांच्या आसपास. टिनाला आतून दुहेरी बटर पेपर, बाहेरून वर्तमानपत्राची दुहेरी पट्टी दोऱ्यानं बांधलेली, खालच्या कप्प्यात पाण्याची वाटी. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ येतो, म्हणून तासाभरानं वर फॉइल ठेवते. सुई स्वच्छ आली तरी केक टिनातच पूर्ण थंड होऊ द्यायचा. गरम असताना काढला तर दुभंगतो. ग्लुटेन नसल्याची किंमत इथं मोजावी लागते.

सुरी लावायची तीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आधी नाही. पातळ कापे पडतच नाहीत, जाड चौकोनी तुकडे करायचे, दातेरी सुरीनं. बटर पेपर, त्यावर फॉइल, त्यावर डबा, आणि आठवड्याला चमचाभर रम. फ्रीजमध्ये ठेवू नये. तांदळाचा स्टार्च गारव्यात लवकर कडक होतो. डिसेंबरच्या कोल्हापुरी थंडीत बाहेर छान राहतो. मुरल्यावर, म्हणजे तीनएक आठवड्यांनी, तो मैद्याच्या केकपेक्षा मला जास्त आवडला. जाऊबाईंना नाही आवडला. “बारीक कणी लागते गं,” म्हणाल्या. लागते. ज्यांना लहानपणापासूनचा मऊसूत केक हवा आहे त्यांना लागणारच. सुनेनं मात्र तबकातून कुणाला न विचारता तुकडा उचलला. गेली दोन नाताळं ती नुसती तबक फिरवत होती.

घरघंटी आली म्हणजे काम संपलं असं नाही. आमच्याकडे बाकीचे गहू खातात, तो गहू अजून गिरणीतच जातो आणि त्याचा डबा दुसऱ्या खोलीत असतो. पिठाची चाळणी नवी घेतली, कारण जुन्या चाळणीच्या तारांतून मैदा कधीच पूर्ण निघत नाही. लाकडी उलथनी आणि पोळपाट-लाटणं वेगळं. केक ज्या दिवशी करायचा त्या दिवशी घरात चपात्या नाहीत, सगळ्यांना भाकरी. त्यावर कुणी कुरकुर केली नाही, उलट नातू म्हणाला, “आज्जी, रोजच केक कर की.”

पंधरा हजारांच्या पुढे पैसे जातात आणि जागाही लागते. घरात सिलिॲक नसेल तर नुसत्या हौसेसाठी मी घ्या म्हणणार नाही. गल्लीतल्या गिरणीचं पीठ काही वाईट नसतं. ज्यांच्याकडे ही गरज आहे पण एवढा खर्च जमत नाही, त्यांनी दोन-तीन घरांत मिळून एक घ्यावी. अट एवढीच की त्यात गहू घालणारं घर सोबत नको. आमच्या ओळखीत अजून एक मुलगी या पथ्यावर आहे, तिची आई महिन्यातून एकदा तांदूळ-ज्वारी घेऊन येते. यंदाच्या नाताळासाठी दोघींनी फळं एकाच बरणीत भिजवायची ठरवली आहेत, रम कुणी आणायची एवढंच ठरायचं राहिलंय.