चाक मोकळं फिरवून दाखवलं आणि साडेअठरा हजार घेतले

बाबांची २००८ सालची वॅगन आर आता मी चालवते. दिवाळीनंतर एके दिवशी कोथरूडहून हडपसरला जाऊन परत आले, पार्किंगमध्ये उतरले तर पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास. नाकात बसून राहील असा. व्हीलकॅपला हात लावला तर प्लास्टिक मऊ पडून एका कडेने वाकलेलं. उजवं चाक नुसतं कोमट होतं. त्याआधीचे दोन-तीन आठवडे गाडी जड चालत होती, ब्रेक सोडला तरी डावीकडे खेचायची, पेट्रोलही जास्त लागत होतं. रोजच्या ट्रॅफिकमुळे असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने चाक उचलूनही न बघता सांगितलं, "ताई, कॅलिपर गेलेत. दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील, डिस्क आणि पॅडही. ब्रेकचा विषय आहे. घरच्यांना बसवता ना गाडीत?" कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा भाग. त्या शेवटच्या प्रश्नापुढे मी काही विचारूच शकले नाही. हो म्हणाले.

संध्याकाळी गेले तेव्हा गाडी जॅकवरच होती. त्याने माझ्यासमोर डावं चाक हाताने फिरवलं, ते दीड-दोन फेरे मारून थांबलं. "बघा, कसं मोकळं झालं." बिल १८,५०० रुपये, साध्या कागदावर, शिक्का नाही की जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला आत्ताच घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी तेच चाक पुन्हा तापलं. फोन केला तर उत्तर आलं, "नवीन पॅड आहेत, पाचशे किलोमीटर गरम होणारच." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत थोडे तापतात, पण दोन्ही बाजूंना सारखेच तापतात. एकच बाजू भाजत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मी पुन्हा गाडी दाखवायला नेली तेव्हा तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग, बदलायचं म्हणू लागला, आणखी सात हजार. ते पैसे मी दिले नाहीत, पण गाडी चालवणं थांबवलं नाही. ते थांबवायला हवं होतं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन पाचगणीला गेले. येताना पसरणी घाटात वाईच्या वर दोन-तीन वळणं राहिली असताना ब्रेकचं पेडल अचानक मऊ पडलं आणि खोल गेलं. आईने एका हाताने माझा दंड धरला होता, तिची बोटं नंतर कितीतरी वेळ जाणवत होती. पहिला गिअर आणि हँडब्रेकवर गाडी कडेला घेतली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. धरून बसलेल्या ब्रेकची उष्णता थेट ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळतं, आणि मग पाय नुसती वाफ दाबतो. गाडी तासभर तशीच थंड होऊ दिली. कुणीतरी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघालं, त्याला थांबवलं. तापलेली डिस्क त्याने वाकडी होऊ शकते.

वाईत एका वयस्कर मेकॅनिकने गाडी बघितली. दोन्ही पुढची चाकं उचलून हाताने फिरवली, दोन्ही फिरली. मग मला सीटवर बसवून म्हणाले, "ब्रेक दाबा. आता सोडा." लगेच फिरवलं तर उजवं चाक मोकळं आणि डावं जाम. त्यांनी डाव्या कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइलमधली हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन अडकलेला नव्हता, आत दाब कोंडला होता. निपल बंद करून पुन्हा ब्रेक मारायला लावला, चाक पुन्हा जाम. या वेळी कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपचा जोड सैल केला. दोन थेंब आले, चाक तसंच घट्ट. दाब होजच्या खालीच अडकत होता.

होज काढून त्यांनी ब्लेडने उभा चिरला. बाहेरून धड दिसणारं रबर आतून फुगून भोक जवळजवळ बंद झालं होतं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण परत येताना तेवढा जोर नसतो, त्यामुळे तिथेच थांबतं. नवा होज ४२० रुपयांचा. नवं ऑइल भरून आणि एअर काढून सगळे मिळून अकराशे झाले.

मग त्यांनी तारेच्या ब्रशने कॅलिपर घासला. चंदेरी रंगाची पापडी निघाली, खाली जुना गंज. पिस्टनवरचं रबर तडकलेलं. डिस्कच्या कडेला झिजून उभी राहिलेली धार. दोन्ही बाजूंना फक्त पॅड नवे होते.

आणि ते मोकळं फिरणारं चाक? निपल उघडून एअर काढली की कोंडलेला दाब निघून जातो. त्यानंतर पहिला ब्रेक मारेपर्यंत ते कुणाच्याही हाताने फिरेल. म्हणून गाडी ताब्यात घेताना स्वतः सीटवर बसून ब्रेक दाबा, सोडा, आणि मग चाक फिरवायला सांगा. काम सुरू होण्याआधीही हेच करायला लावा. मागचं चाक तापत असेल तर हँडब्रेकची केबल आधी बघायला सांगा. पुढची दोन्ही तापत असतील तर मात्र मास्टर सिलिंडर आणि पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरकडे बघणं बरोबर आहे. जुने पार्ट गाडी सोडतानाच मागून ठेवा आणि डिकीत टाकून घ्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नाही, त्यामुळे यूपीआयची नोंद, त्या कागदाचा फोटो आणि घासलेल्या कॅलिपरचे फोटो एवढंच हातात आहे. गॅरेजवाला फोन उचलत नाही. चिरलेला होज मी पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे, बोलावतील तिथे घेऊन जाणार आहे.